शब्द घालायचा हक्क कोणाचा?

फोर्थ नावाच्या संगणकाच्या भाषेत २ या आकड्याचा अर्थ तीन करता येतो. ओळ एकच लागते: कोलन, मग २, मग ३, मग अर्धविराम. त्यानंतर २ आणि २ ची बेरीज मागितली तर उत्तर सहा येतं आणि यंत्राला त्यात काही वावगं वाटत नाही. प्रोग्रामर मंडळींत हा किस्सा विनोद म्हणून सांगितला जातो. हसून झालं की निवाडाही लगेच येतो: असली भाषा शहाण्या माणसाच्या हाती देऊ नये, दहा जणांच्या टीमच्या तर मुळीच नाही.

हा निवाडा मला मान्य नाही. २ चा ३ करून कामाचा विचका करणारा प्रोग्रामर मला अजून भेटलेला नाही. उलट, भाषेत जे नाही ते आणण्यासाठी कंपायलरच्या, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा उतरवून देणाऱ्या प्रोग्रामच्या, मागच्या दाराची कडी काढणारी, साध्या मजकुरात रिकाम्या जागा मोजत बसणारी माणसं रोज दिसतात. संगणकाच्या भाषेत नवा शब्द, नवी वाक्यरचना घालायचा हक्क कोणाचा? ती बनवणाऱ्या कंपनीचा आणि तिच्या समितीचा, की ती रोज वापरणाऱ्याचा? एरवी हा प्रश्न तज्ज्ञांच्या कोपऱ्यात पडून असतो. पण पगारपत्रकापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळं ज्या भाषांत लिहिलं जातं, त्यांत काय बोलता येईल हे कोण ठरवतं, ही चार लोकांत चर्चा व्हावी अशीच बाब आहे. आणि त्याचं एक चांगलं उत्तर पन्नासेक वर्षांपूर्वी अ‍ॅरिझोनातल्या एका दुर्बिणीपाशी देऊन झालेलं आहे.

वापरणाऱ्याने भाषा वाढवावी ही कल्पना मुळात फोर्थची नव्हे. १९६० मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या डग्लस मॅकिलरॉय यांनी मॅक्रोच्या जोरावर कंपायलरची भाषा कशी वाढवता येईल यावर निबंध लिहिला. मॅक्रो म्हणजे एका नावाखाली ठेवलेला साचा. नाव लिहिलं की त्याच्या जागी पूर्ण मजकूर भरला जातो. १९६३ मध्ये एमआयटीत टिमथी हार्ट यांनी लिस्प या भाषेत मॅक्रो आणले आणि त्यात एक मोलाचा फरक केला. लिस्पचा प्रोग्राम हीच मुळात एक यादी असते. हार्ट यांचे मॅक्रो अक्षरांच्या ओळीवर चालत नव्हते, त्या यादीवर चालत होते. म्हणजे मॅक्रोला कंस कुठे सुरू झाला, कुठे संपला हे आधीच ठाऊक असे. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

साठच्या दशकाच्या शेवटी या कल्पनेची चांगलीच हवा झाली. १९६९ मध्ये बॉस्टनला आणि १९७१ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोब्लला खास ‘एक्स्टेन्सिबल लँग्वेज’, म्हणजे वाढवता येणारी भाषा, या विषयावर परिसंवाद भरले. हार्वर्डमध्ये बेन वेगब्राइट यांनी ईएल-वन ही भाषा याच हेतूने रचली. स्वप्न मोठं होतं: एक गाभ्याची भाषा असेल, आणि हिशेबनीस, अभियंते, भाषाशास्त्रज्ञ तिच्यातून आपापली भाषा वाढवून घेतील. १९७५ मध्ये टॉमस स्टँडिश यांनी या चळवळीचा ताळेबंद मांडला. त्यांनी वाढवण्याचे तीन प्रकार केले. पहिला, असलेल्या शब्दांतून नवा शब्द सांगणं. दुसरा, भाषेत मुळातच नसलेली सोय बाहेरून आणून जोडणं. तिसरा, भाषा वाचण्याचे नियमच बदलणं. पहिला प्रकार कोणालाही जमतो. तिसऱ्यासाठी मात्र कंपायलरची आतडी माहीत असावी लागतात, आणि तेवढी माहिती असलेला माणूस सामान्य वापरणारा उरतच नाही. स्वप्न इथे अडलं. भाषा वाढवण्याचा अधिकार कागदावर सर्वांना होता, पण तो बजावण्याची पात्रता भाषा बनवणाऱ्यांपाशीच राहिली. आपल्याकडच्या कितीतरी कायद्यांचं असंच होतं म्हणा.

चार्ल्स मूर या चळवळीत नव्हते. ते पोटापाण्यासाठी प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ. साठच्या दशकभर ते एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत जाताना स्वतःपुरती हत्यारं सोबत नेत होते. १९६८ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅमस्टरडॅम गावी, मोहास्को या गालिचे आणि घरसामान बनवणाऱ्या कंपनीत, त्यांच्या हाती आयबीएम ११३० हा संगणक आला. तिथे या हत्यारांना नाव मिळालं. चौथ्या पिढीच्या संगणकाची भाषा म्हणून त्यांना ‘फोर्थ’, म्हणजे चौथी, हे नाव ठेवायचं होतं. पण त्या यंत्रावर नावाला पाचच अक्षरं चालत आणि इंग्रजी शब्दाला सहा लागतात. एक अक्षर गळलं आणि आजही जग त्या भाषेला चुकीच्या स्पेलिंगने ओळखतं.

पुढे सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेत आले. अ‍ॅरिझोनातल्या किट पीक डोंगरावर या वेधशाळेची ३६ फुटी, म्हणजे सुमारे ११ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण होती. अवकाशात कार्बन मोनॉक्साइड असल्याचा पहिला पुरावा १९७० मध्ये याच दुर्बिणीने दिला होता. मूर यांनी तिच्यासाठी जी प्रणाली लिहिली ती दुर्बीण रोखायची, आकाशाबरोबर फिरवायची, येणारी मोजमापं चुंबकीय फितीवर उतरवायची, आणि त्याच वेळी पडद्यासमोर बसलेल्या खगोलशास्त्रज्ञाला आधीची मोजमापं तपासू द्यायची. हे सगळं आजच्या एका फोटोच्याही अंशाएवढ्या स्मृतीत. एलिझाबेथ रॅदर तिथेच फोर्थ शिकल्या. त्या जगातल्या दुसऱ्या फोर्थ प्रोग्रामर. १९७३ मध्ये दोघांनी आणखी एका सहकाऱ्यासह फोर्थ इनकॉर्पोरेटेड ही कंपनी काढली.

आता भाषेकडे जरा जवळून पाहू, कारण माझा सगळा युक्तिवाद तिच्या बांधणीवर उभा आहे. फोर्थमध्ये व्याकरण जवळजवळ नाही. यंत्र एक शब्द वाचतं. शब्द म्हणजे दोन मोकळ्या जागांमधलं काहीही. तो आपल्या कोशात शोधतं. सापडला तर त्याप्रमाणे वागतं. नाही सापडला तर हा आकडा आहे का पाहतं. आकडाही नसेल तर शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढून थांबतं. झालं. २ चा ३ का करता येतो तेही यातून कळेल: कोश आधी, आकडे नंतर. आकडे आणि मधले निकाल एकावर एक रचून ठेवायला एक स्टॅक असतो, म्हणून क्रिया नेहमी शेवटी येते: आधी दोन, मग तीन, मग बेरीज. इंग्रजी भाषकाला हा क्रम उफराटा वाटतो. ‘दोनात तीन मिळव’ म्हणणाऱ्याला तो तसा वाटू नये.

नवा शब्द घालायचा तर कोलन आणि अर्धविराम यांच्यामध्ये लिहायचा. फोर्थचे मूळ शब्द मी इथे देवनागरीत लिहितो आहे:

: वर्ग डुप * ;

‘डुप’ स्टॅकवरच्या वरच्या आकड्याची प्रत काढतं, गुणाकाराचं चिन्ह दोन्ही गुणतं. आता ७ वर्ग म्हटलं की ४९. या क्षणापासून ‘वर्ग’ आणि मूळचा ‘डुप’ यांच्यात काही फरक उरत नाही. दोघं एकाच कोशात, एकाच तऱ्हेने शोधले जाणारे, एकाच तऱ्हेने वापरले जाणारे. फोर्थच्या कोशात भूमिपुत्र आणि उपरे असा भेद नाही.

इथवर कोणी म्हणेल, यात विशेष ते काय, फंक्शन तर सगळ्याच भाषांत लिहिता येतं. खरं आहे. खरी गंमत ‘इफ’ या शब्दात आहे. सी किंवा जावामध्ये ‘इफ’ कंपायलरच्या पोटात असतो, त्याला बाहेरच्याने हात लावायचा नाही. फोर्थमध्ये ‘इफ’ हाही कोशातला एक शब्द. फक्त त्याच्यावर ‘इमिजिएट’ अशी खूण असते. नवी व्याख्या लिहिली जात असताना बाकीचे शब्द निमूटपणे त्या व्याख्येत जमा होतात. खूण असलेला शब्द मात्र तिथल्या तिथे कामाला लागतो. ‘इफ’ काय करतो? ‘अट खोटी असेल तर उडी मार’ अशी सूचना लिहितो, कुठे उडी मारायची ती जागा कोरी सोडतो, आणि कोऱ्या जागेचा पत्ता स्टॅकवर ठेवून बाजूला होतो. नंतर ‘देन’ येतो, तो पत्ता उचलतो आणि कोरी जागा भरतो. ही दोन्ही कामं फोर्थमध्येच, प्रत्येकी एका ओळीत लिहिता येतात. म्हणजे ज्याला आपण भाषेचं व्याकरण म्हणतो, तेसुद्धा वापरणाऱ्याच्या हातच्याच मालाचं बनलेलं आहे. स्टँडिश यांचा तिसरा, अवघड प्रकार इथे अवघड उरत नाही.

मराठीतून प्रोग्रामिंग हा आपल्याकडे अधूनमधून उसळणारा विषय. फोर्थमध्ये त्याची सुरुवात तीन ओळींत होते:

: असेल-तर पोस्टपोन इफ ; इमिजिएट
: नाहीतर पोस्टपोन एल्स ; इमिजिएट
: बस पोस्टपोन देन ; इमिजिएट

‘पोस्टपोन’ म्हणजे आत्ता नको, हा शब्द वापरला जाईल तेव्हा. ‘पाऊस?’, ‘छत्री’ आणि ‘टोपी’ हे शब्द आधी व्याख्येत बसवले की पुढे लिहिता येतं:

: निघ पाऊस? असेल-तर छत्री नाहीतर टोपी बस ;

जी-फोर्थसारख्या आजच्या फोर्थवर देवनागरी शब्द चालतात, कारण यंत्राला फक्त मोकळी जागा ओळखायची असते. अक्षर कुठल्या लिपीतलं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आकड्यांचं मात्र तसं नाही. ० ते ९ यांच्या दहा व्याख्या केल्या तर एकेक अंक कळेल, पण १२ लिहिलं की गाडी अडते, कारण आकडा वाचण्याचं काम दुसरीकडे होतं. बऱ्याच फोर्थमध्ये तो तुकडाही बदलता येतो, पण ते तीन ओळींचं काम नव्हे. एवढं तपशिलात सांगायचं कारण असं, की भाषा वाढवता येते म्हणजे नेमकं कुठपर्यंत सहज येते आणि कुठून पुढे घाम गाळावा लागतो हे अशा क्षुल्लक ठिकाणी कळतं. मराठी शब्द हा यातला खरा लाभही नव्हे. खरा लाभ ‘दुर्बीण रोख’, ‘फीत पुढे सरकव’ अशा कामाच्या शब्दांचा. किट पीकवरची प्रणाली अशा शब्दांचीच बनलेली होती. खालच्या शब्दांतून वरचे, त्यांतून आणखी वरचे, शेवटी खगोलशास्त्रज्ञाने टंकायचा एक शब्द.

आता आक्षेपाकडे. ज्याला त्याला आपापले शब्द घालता आले तर एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला कसं कळणार? फोर्थच्या बाबतीत हा आक्षेप नुसता तात्त्विक नाही, तो इतिहासाने खरा करून दाखवलेला आहे. फोर्थवाल्यांतच एक म्हण आहे: एक फोर्थ पाहिलंत म्हणजे एकच फोर्थ पाहिलंत. १९७९ चं प्रमाण, म्हणजे सगळ्यांनी पाळायचे ठरीव नियम, होतं त्यात ‘खरं’ म्हणजे १. १९८३ च्या प्रमाणात ‘खरं’ म्हणजे उणे १. ऋण संख्येचा भागाकार कोणत्या बाजूला पूर्णांकात बसवायचा तेही त्याच वेळी बदललं. चालते प्रोग्राम मोडले, माणसं वैतागली, काही जुन्यालाच धरून राहिली. अमेरिकी राष्ट्रीय प्रमाण यायला १९९४ उजाडलं. तोवर सी भाषेने बाजार मारून नेला होता. स्वतः मूर यांना प्रमाणीकरणाचं कौतुक कधीच नव्हतं. नवं यंत्र आलं की फोर्थ नव्याने लिहायचं, गरजेपुरतंच लिहायचं, सगळ्यांसाठी म्हणून काही लिहायचं नाही, हा त्यांचा बाणा. पुढे कलरफोर्थमध्ये तर त्यांनी शब्दाचा रंग हाच व्याकरणाचा भाग केला. माणूस विलक्षण, पण त्यांच्या या एका हट्टाचं समर्थन मी करणार नाही. शब्द घालायची मुभा एकट्याची असली तरी शब्द रुळतो चारचौघांत. त्या चारचौघांसाठी फोर्थने पहिली कित्येक वर्षं काही जागाच ठेवली नाही.

पण इथून ‘म्हणून वाढवता येणं वाईट’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे रोग एका जागी आणि औषध भलत्याच जागी. लिस्पचं उदाहरण पाहा. सत्तरच्या दशकात लिस्पच्याही डझनभर बोली झाल्या होत्या. ऐंशीच्या दशकात मंडळी एकत्र बसली आणि कॉमन लिस्प तयार झाली. तिचं वर्णन करणारा गाय स्टील यांचा ग्रंथ १९८४ चा, अमेरिकी प्रमाण १९९४ चं. या समझोत्यात मॅक्रो गेले का? नाही. एकाची नावं दुसऱ्याच्या नावांवर आदळू नयेत म्हणून पॅकेजं होती, मॅक्रोही पूर्वीच्याच ताकदीने होते. एवढंच नव्हे, कॉमन लिस्पची अख्खी ऑब्जेक्ट यंत्रणा समितीने आकाशातून आणली नव्हती. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातल्या लोकांनी ती आधी लिस्पच्या वर लिस्पमध्येच लिहून लोकांना वापरायला दिली होती. तीच घासूनपुसून प्रमाणात गेली. आधी वापर, मग मान्यता. समितीचं काम शब्द पाडणं नसावं, रुळलेल्या शब्दांतून निवडणं असावं, असं माझं मत याच उदाहरणावरून बनलेलं आहे.

उलट्या बाजूला जावा. जावाच्या कर्त्यांनी ठरवून मॅक्रो ठेवले नाहीत, बेरजेच्या चिन्हाला नवा अर्थ द्यायची मुभाही वापरणाऱ्याला दिली नाही. हेतू चांगला होता: कोणीही लिहिलेलं कोणालाही वाचता यावं. मग काय झालं? जेनेरिक्स या सोयीसाठी २००४ पर्यंत थांबा, लॅम्डा या सोयीसाठी २०१४ पर्यंत थांबा. आणि गेटर-सेटर! हिंजवडीतल्या कुठल्याही जावावाल्याला विचारा, या दोन शब्दांवर तो किती वेळ बोलू शकतो. प्रत्येक क्षेत्रासाठी एक वाचायची पद्धत, एक लिहायची पद्धत, पानंच्या पानं. भाषेत हे टाळायचा शब्द २०२१ पर्यंत नव्हता आणि घालायची सोय आजही नाही. म्हणून लॉम्बॉक नावाचं साधन आलं. वर्गाच्या, म्हणजे क्लासच्या, डोक्यावर एक खूण लिहायची की गेटर-सेटर आपोआप तयार. हे साधन जावाच्या कंपायलरच्या आतल्या, बाहेरच्यांसाठी नसलेल्या रचनेत हात घालून काम करतं. जावाची नवी आवृत्ती आली की ते चालेल ना, ही धास्ती असते. स्प्रिंग या जावाच्या साधनसंचातल्या खुणांची रांग तर वेगळीच: एका वर्गावर सात-आठ खुणा, प्रत्येकीचा अर्थ तिसरीकडे कुठेतरी, प्रोग्राम चालू झाल्यावर ठरणारा. हा भाषाविस्तारच आहे. फक्त त्याला तसं म्हणायचं नाही असा संकेत आहे.

त्याहून वाईट दशा ढगातल्या, म्हणजे क्लाउडवरच्या, यंत्रांच्या मांडणीची. ही यंत्रं सांभाळणाऱ्या कुबरनेटिसला काय हवं ते यॅमल फाइलींत लिहून द्यायचं असतं. यॅमलमध्ये डावीकडची मोकळी जागा हाच अर्थ. दोन जागा कमी-जास्त झाल्या की वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात जाते. यॅमलला स्वतःचे शब्द घालता येत नाहीत, म्हणून वर हेल्म बसवलेलं आहे. हेल्म काय करतं? मजकुराचे साचे भरतं. अक्षरांच्या ओळीवर चालणारे मॅक्रो, बरोबर तेच, जे हार्ट यांनी १९६३ मध्ये मागे टाकले होते. साच्याला यॅमलची रचना कळत नाही, त्यामुळे भरलेला तुकडा किती जागा सोडून लावायचा हे माणसाने हाताने लिहायचं: इथे चार, तिथे आठ. त्यासाठी एक खास फंक्शन आहे. इंजिनिअर पदवी घेतलेली माणसं रात्री दोन वाजता प्रॉडक्शनचा खोळंबा सोडवताना जागा मोजत असतात. वाढवता येणारी भाषा टीमला झेपत नाही म्हणणाऱ्यांनी या फाइली एकदा डोळे उघडून वाचाव्यात. नवी वाक्यरचना इथेही शिकावीच लागते. फरक इतकाच की ती कोणी विचार करून रचलेली नसते.

नुसतं वरवरचं सोंगही असतं. स्टीव्ह बोर्न यांनी सत्तरच्या दशकात युनिक्सचा शेल, म्हणजे टंकलेल्या आज्ञा पाळणारा प्रोग्राम, सी भाषेत लिहिला. पण त्यांना अल्गॉल ६८ या दुसऱ्या भाषेची सवय. म्हणून सीच्या मॅक्रोंनी त्यांनी ‘इफ’च्या शेवटी उलटा ‘फी’ येईल अशी वेशभूषा सीला चढवली. कामात काडीचा फरक नाही, वाचणाऱ्याला मात्र ना सी ना अल्गॉल. हे पाहूनच पुढे सी भाषेतल्या दुर्बोध लेखनाची विनोदी स्पर्धा सुरू झाली, ती आजही भरते. भाषा वाढवण्याच्या विरोधात हे उदाहरण हटकून दिलं जातं. मला ते माझ्या बाजूचं वाटतं. सीचा मॅक्रो अक्षरं बदलू शकतो, रचना नाही. मग लोक अक्षरांशीच खेळणार. माझ्या वरच्या तीन मराठी ओळींनाही हा आरोप लागू होतो, हे कबूल. ‘इफ’ला ‘असेल-तर’ म्हणणं ही वेशभूषाच.

सुरक्षिततेचा मुद्दा उरतो: कोणीही कशाचाही अर्थ बदलू शकतो, तर एखादा दुष्ट माणूसही बदलेल. बदलेल. तो आजही बाहेरून आणलेल्या पॅकेजच्या इन्स्टॉल होताना चालणाऱ्या चार ओळींतून तेच करतो. कोणाचा कोड आपल्या यंत्रावर चालू द्यायचा, हा प्रश्न भाषेच्या लवचिकतेपेक्षा वेगळा आहे.

मग अट कोणती? माझ्या मते एकच, आणि ती मूर यांनी पाळली, बॉस्टन-ग्रेनोब्लवाल्यांपैकी अनेकांना पाळता आली नाही: गाभा एका माणसाला पूर्ण कळेल एवढा लहान असावा. फोर्थचा गाभा काही किलोबाइटांत बसतो. ज्याला तो आतून-बाहेरून कळला आहे त्याने घातलेला शब्द सहसा जागेवर बसतो. ज्याला नाही कळला तो अंदाजाने ठोकाठोक करतो. अल्गॉल ६८ मध्ये वापरणाऱ्याला नवी क्रियाचिन्हं आणि त्यांचा अग्रक्रमही ठरवता येत असे, पण तिची व्याख्या एवढी जड होती की कंपायलर लिहिणारेच धापा टाकत होते. लहान गाभ्याला भरवशाचा म्हणून काय किंमत येते हे पाहायचं तर १२ नोव्हेंबर २०१४ आठवावा. फिले हे यान ६७-पी धूमकेतूवर उतरलं तेव्हा त्याच्या मुख्य नियंत्रणाचे दोन्ही प्रोसेसर फोर्थसाठीच घडवलेल्या जातीचे होते. जमिनीवरचं उदाहरण हवं तर सन या संगणक कंपनीच्या सर्व्हरचं. हे सर्व्हर ज्यांनी सांभाळले आहेत त्यांना यंत्र सुरू होण्याआधी पडद्यावर येणारा ‘ओके’ आठवेल. तो फोर्थचा ‘ओके’. मिच ब्रॅडली यांनी सनमध्ये घडवलेली ही व्यवस्था पुढे ओपन फर्मवेअर म्हणून १९९४ मध्ये प्रमाण झाली. नवं कार्ड यंत्रात खोचलं की ते स्वतःबरोबर आपले शब्द घेऊन येई आणि प्रोसेसर कुठल्याही कंपनीचा असला तरी ते शब्द त्याच्या कोशात जात. कित्येकांनी तिथे यंत्र सुरू करायला वर्षानुवर्षं ‘बूट’ टंकलं, आपण फोर्थ बोलतो आहोत याची गंधवार्ता नसताना.

ही समज द्यायची जागा आपल्या अभ्यासक्रमात तयार आहे, आणि तीच वाया जाते. पुण्यातल्या संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला टू-पास मॅक्रो प्रोसेसरचं प्रॅक्टिकल असतं. मॅक्रो नेम टेबल, मॅक्रो डेफिनिशन टेबल, पहिला पास, दुसरा पास. मुलं ते जावात लिहितात, बहुतेक वेळा सीनियरच्या जर्नलवरून उतरवतात, आऊटपुटचा प्रिंट चिकटवतात आणि पुढचं प्रॅक्टिकल घेतात. मॅक्रो म्हणजे भाषेत आपला शब्द घालण्याचा अधिकार, आणि त्यावरून पंधरा वर्षं जगातले शहाणे लोक भांडले, हे त्यांना कोणी सांगत नाही. ज्या मुलाने मॅक्रो प्रोसेसर ‘केला’ आहे तोच दोन वर्षांनी हेल्मच्या फाइलीत जागा मोजतो आणि या दोन गोष्टींचा संबंध त्याच्या मनातही येत नाही.

त्याऐवजी अर्ध्या सत्रात छोटं फोर्थ लिहायला लावावं. कोश, स्टॅक, शब्द शोधणं, कोलन, ‘इमिजिएट’ची खूण. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला हे झेपतं. सीमध्ये काही शे ओळींचं काम आहे. हरकत येईल ती मला ठाऊक आहे: प्रत्येकाचं फोर्थ वेगळं निघालं तर एक्स्टर्नलने तपासायचं कशाशी ताडून, आणि उतरवलेलं आहे की स्वतःचं हे ओळखायचं कसं? ओळखणं सोपं आहे. व्हायवाला मुलाला त्याच्याच यंत्रासमोर बसवायचं आणि म्हणायचं, तुझ्या भाषेत ‘नसेल-तर’ नाही, घाल. ज्याने स्वतः लिहिलं आहे तो एका ओळीत घालेल (‘०=’ हा शब्द खऱ्याचं खोटं, खोट्याचं खरं करतो):

: नसेल-तर पोस्टपोन ०= पोस्टपोन इफ ; इमिजिएट

आणि ज्याने उतरवलं आहे तो म्हणेल, सर, ते सिलॅबसमध्ये नव्हतं.